एका पाकिटात दोन वनस्पती : म्हैसमाळच्या रिक्सियाचं प्रकरण

आमच्या हाती एक 'नवी जाती' लागली होती. तिचं वर्णन लिहून झालं होतं, आकृत्यांवर शाई फिरवून झाली होती, नावही ठरलं होतं. आणि तशी वनस्पती या पृथ्वीवर कुठेच नव्हती.

हे कसं झालं ते सविस्तर मांडतेय, कारण मराठवाड्यात शेवाळींवर, म्हणजे मॉस-लिव्हरवर्टसारख्या वनस्पतींवर, काम करायला आता कुठे चार मुलं पुढे येतायत. आम्ही जिथे अडखळलो तिथे त्यांनी अडखळू नये असं मनापासून वाटतं.

आधी त्या वनस्पतीबद्दल थोडं. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने रिक्सियाची स्लाइड पाहिलेली असते. परीक्षेत तिची आकृती काढलेली असते, पण जमिनीवर वाढलेली रिक्सिया फार थोड्यांनी पाहिलेली असते. ही यकृतका गटातली, म्हणजे लिव्हरवर्ट. तिला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. ओल्या मातीला चिकटलेली, दोन-दोन फाट्यांत विभागत जाणारी हिरवी चकती, एवढंच तिचं शरीर. त्याला आम्ही कायक म्हणतो. 1753 साली लिनियसने 'स्पीशीज प्लँटारम'मध्ये रिक्सियाला चक्क शैवालांत बसवलं होतं, यावरून ती किती साधी दिसते याची कल्पना येईल. यकृतकांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात मात्र त्याच ग्रंथापासून धरतात.

दिसायला साधी असली तरी ओळखायला ती अतिशय अवघड. यकृतका आणि त्यांच्यासारख्याच शृंगका (हॉर्नवर्ट) मिळून जगात 7,486 जाती असल्याची नोंद 2016 च्या जागतिक यादीत आहे. त्यातल्या रिक्सियाच्या जाती बाहेरून एकमेकींसारख्या दिसतात. ऊन वाढलं की रंग पालटतो, पाणी कमी झालं की कडा आत वळतात, गर्दीत वाढली तर चकतीचा आकारच जुळत नाही. भरवशाची खूण एकच, ती म्हणजे तिची बीजुकं (स्पोर), ज्यांतून नवी वनस्पती उगवते ते सूक्ष्म कण. प्रत्येक बीजुकाच्या पाठीवर उंच कडांची नक्षी असते. जाळीची घरं किती, ती पूर्ण बंद होतात की अर्धवट राहतात, कडेला पंखासारखी किनार आहे की नाही, यावर बरीचशी ओळख ठरते.

आपल्याकडचा या गटाचा पाया शिवराम कश्यप यांनी घातला. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या यकृतकांवरचा त्यांचा ग्रंथ 1929 आणि 1932 साली दोन भागांत आला. पुढे लखनौला या विषयाची मोठी परंपरा उभी राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. सपुष्प वनस्पतींची पाहणी आपल्याकडे चांगली झाली आहे, पण शेवाळींसाठी दुष्काळी मुलूख कोण धुंडाळणार? सगळे पावसाळ्यात महाबळेश्वर, आंबोलीला जातात. मला हा समज चुकीचा वाटतो. वर्षातले आठ महिने कोरड्या पडणाऱ्या बेसॉल्टच्या पठारावर जे तगतं, त्याला तगण्याची स्वतःची रीत असते, आणि रिक्सिया त्यात तरबेज आहे. पावसाळा संपला की कायक वाळून आक्रसतो. बीजुकं मातीत पडून राहतात आणि पुढच्या आर्द्रात पुन्हा उगवतात. माती हीच तिची कणगी. पुढे आमची फजिती झाली ती याच गोष्टीमुळे.

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी माझ्याकडे होती. खुलताबादहून चढ चढून आम्ही म्हैसमाळला गेलो. गिरिजादेवीच्या देवळाकडची गर्दी टाळून पठाराच्या कडेने चालत राहिलो. तिथे काळ्या खडकात उथळ खळगे आहेत. त्यांत दोन-तीन बोटं माती साठते आणि पावसात तिचा चिखल होतो. अशाच एका खळग्याच्या काठावर तिला तो दिसला. गर्द हिरवा कायक, मधोमध खोल पन्हळ, आणि दोन्ही कडांना बाहेर डोकावणारे जांभळट काळे खवले. भिंगातून पाहिलं तर नऊवारीच्या काठासारखे दिसत होते. तिने चाकूने मातीसकट एक लपका उचलला, कागदी पाकिटात घातला, वर तारीख, उंची, जागा, 'खडकातील खळगा, चिकणमाती' आणि संग्रह क्रमांक लिहिला. सगळं रीतसर. फक्त लपका एकच होता आणि पाकीटही एकच.

प्रयोगशाळेत गाजराच्या चिरेत धरून ताज्या कायकाचे आडवे छेद घेतले. वरच्या थरात हरितद्रव्याच्या उभ्या रांगा आणि त्यांच्यामध्ये चिंचोळ्या फटी, खाली रंगहीन साठवणीच्या पेशी. खवले एका ओळीत, मोठे, जांभळे. दहा कायक तपासले, एकावरही नर अवयव मिळाला नाही. म्हणजे नर-मादी वेगळ्या झाडांवर असणारी, एकलिंगी. इथपर्यंत सगळं ओळखीचं होतं. भारताच्या मैदानी भागात सर्रास आढळणाऱ्या रिक्सिया डिस्कलरकडेच बोट जात होतं.

मग तिने कायकाचा एक तुकडा पाण्याच्या थेंबात सुईने कुस्करला, वर काचपट्टी ठेवली आणि मला हाक मारली. बीजुकं दिसत होती, तपकिरी आणि पिकलेली. पण त्यांच्या पाठीवरची नक्षी डिस्कलरची नव्हती. जाळीची घरं पूर्ण होत नव्हती. कडा मधूनच तुटत होत्या, वळत होत्या. मुसळधार पाऊस पडून गेल्यावर वाळूत ओघळांचे माग राहतात ना, तशा. मी वीस वर्षं हा विषय शिकवतेय. त्या क्षणी माझ्याही छातीत धडधडलं हे मी लपवणार नाही.

ओळख पटवायच्या सगळ्या किल्ल्या, म्हणजे एकेक लक्षण तपासत जातीपर्यंत नेणाऱ्या याद्या, लावून पाहिल्या. कायकाची वाट धरली की एका जातीशी पोहोचायचो आणि बीजुकांपाशी अडायचो. बीजुकांची वाट धरली की भलत्याच गटात जायचो. या दोन लक्षणांची सांगड कुठल्याच जातीत नव्हती. आम्ही त्याचा अर्थ लावला की ही नवी जाती आहे. अर्थ लावण्याची घाई झाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नव्या जातीचं नाव ग्राह्य धरलं जायचं तर नियम काटेकोर आहेत. वर्णन किंवा वेगळेपणाची टिपणी लॅटिन अथवा इंग्रजीत असावी लागते. 1 जानेवारी 2012 पूर्वी लॅटिनशिवाय चालत नसे. एक प्ररूप नमुना, म्हणजे होलोटाईप, निश्चित करावा लागतो आणि तो कुठल्या वनस्पतिसंग्रहात ठेवलाय ते लिहावं लागतं. पुढे कधीही वाद झाला तर कागदावरचं वर्णन मागे पडतं, नाव त्या नमुन्याला बांधलेलं राहतं. आपल्या देशात आणखी एक बंधन आहे. जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार नवी जाती सापडली तर नेमून दिलेल्या भांडारसंस्थेला कळवून तिथे नमुना जमा करावा लागतो. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही त्याची तयारीही करत होतो. विद्यार्थिनीच्या वहीच्या पहिल्या पानावर मराठवाड्यावरून बेतलेलं लॅटिन नाव सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. एका नियतकालिकाकडून शुल्क भरा, महिनाभरात छापू असं उत्तरही आलं होतं.

तेव्हा ते पाठवलं असतं तर त्या एकाच पाकिटावर, एका कायकाच्या आणि दुसऱ्याच्याच बीजुकांच्या जोडणीवर, मराठवाड्याचं नाव कायमचं चिकटलं असतं. अशी नावं पुसता येत नाहीत. पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला ती उकलत बसावी लागतात. रिक्सिया क्रिस्टलिना आणि रिक्सिया कॅव्हर्नोसा यांच्या नावांचा गोंधळ निस्तरायला वनस्पतिशास्त्रज्ञांना किती काळ लागला, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

थांबलो ते एका साध्या कारणाने. डिसेंबरात लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतला शेवाळींचा संग्रह पाहायला जाता आलं. आमची स्लाइड आणि आकृत्या घेऊन बसलो असताना तिथल्या एका ज्येष्ठ अभ्यासकांनी फक्त दोन प्रश्न विचारले. "किती बीजुकं मोजलीत?" आम्ही म्हटलं, दहा. "आणि कुठून काढलीत?" आम्ही म्हटलं, कायकातून. त्यांनी पुन्हा विचारलं, "कायकातून, की कायकाच्या बाजूने?"

संभाजीनगरला परतल्यावर पहिलं काम मोजमापाचं केलं. स्टेज मायक्रोमीटरवर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, म्हणजे एक घर 10 मायक्रोमीटरचं. त्यावरून आयपीस नव्याने जुळवला आणि एकाच स्लाइडवरची पन्नास बीजुकं मोजली. आलेख काढला तर एक टेकडी यायला हवी होती, दोन आल्या. लहान बीजुकांचा मोठा गट, थोड्या मोठ्या बीजुकांचा छोटा गट, आणि मधे जवळजवळ रिकामी जागा. पहिल्या वेळी आम्ही 'चांगली दिसणारी' दहा मोजली होती. ती सगळी एकाच टेकडीवरची निघाली.

दुसरं काम वेळखाऊ होतं. पाकिटातला वाळलेला कायक पाण्यात भिजवून उमलू दिला, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली मऊ कुंचल्याने धुतला, आणि धुतलेलं पाणी वेगळ्या काचेवर घेतलं. त्या पाण्यात बीजुकंच बीजुकं होती. खवल्यांच्या खाली, पन्हळीत, रायझॉइडच्या, म्हणजे मुळांसारख्या धाग्यांच्या, गुंत्यात मातीबरोबर अडकलेली. आमच्या कौतुकाची, ओघळांच्या नक्षीची ती बीजुकं. त्यानंतर स्वच्छ झालेल्या कायकाच्या पन्हळीजवळ एक फुगवटा दिसला, तिथे सुईने वरचा थर हलकेच फाडला. रिक्सियाची बीजुककोशिका, म्हणजे बीजुकं तयार होतात ती पिशवी, कायकाच्या पोटातच असते. तिला ना देठ, ना बीजुकं उधळणारे इलेटर. पिकत जाते तशी तिची भिंत विरघळते आणि बीजुकं पोकळीत मोकळी होतात. आम्ही फाडलेल्या पोकळीत मात्र बीजुकं मोकळी नव्हती. फिकट, नक्षी न उमटलेली, चार-चारच्या जुड्यांत अजून एकमेकांना धरून होती. कच्ची.

म्हणजे ऑगस्टात आम्ही जी झाडं गोळा केली त्यांची स्वतःची बीजुकं पिकलीच नव्हती. स्लाइडवर आली ती गेल्या वर्षीची, त्याच खळग्यात वाढून विरलेल्या दुसऱ्याच कुणाची. आमची 'नवी जाती' म्हणजे एकीचं अंग आणि दुसरीची संतती होती.

विद्यार्थिनी त्या दिवशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, पण ती दुसरी कोण?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही चार महिने तिची बीजुकं पाहत होतो, तिला स्वतःला आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

पाकिटातली उरलेली माती जानेवारीत एका मातीच्या कुंडीत निर्जंतुक केलेल्या वाळूवर पसरली, वर काच ठेवली आणि उत्तरेकडच्या खिडकीत ठेवली. आठवड्याभरात जुन्या कायकांची टोकं हिरवी झाली, जांभळ्या खवल्यांसकट. ते अपेक्षितच होतं. आटलेल्या टोकांनी दुष्काळ काढणं हा त्यांचा स्वभावच. मग कितीतरी आठवडे काही नाही. कुंडीला रोज पाण्याचा फवारा मारायचं काम प्रयोगशाळेतल्या मामांकडे होतं. ते गावाकडे स्वतः ज्वारी-तूर करतात. मार्चमध्ये एक दिवस ते स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाले, "मॅडम, त्या कुंडीत दोन जातीचं उगवलंय बघा. एक आपलं काळं-हिरवं, अन् एक बारकं, राखेच्या रंगाचं."

तणाला पिकापासून वेगळं ओळखणाऱ्या नजरेने त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं. जेमतेम पाच-सहा मिलिमीटरच्या फिकट राखाडी-हिरव्या चकत्या, वरून स्पंजासारख्या खड्ड्याखड्ड्यांच्या. छेद घेतला तर आत चिंचोळ्या फटी नव्हत्या, मोठमोठ्या हवेच्या पोकळ्या होत्या. रिक्सियाच्या अगदी वेगळ्या उपगटातली ही. कायकावरून किल्ली लावली असती तर आम्ही पहिल्या पायरीवरच वेगळ्या वाटेला गेलो असतो.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्या एका खळग्यावर पाच फेऱ्या केल्या. जुलै ते ऑगस्ट तिथे जांभळ्या काठाचीच रिक्सिया होती. सप्टेंबरअखेर तिच्या बीजुककोशिका काळ्या ठिपक्यांसारख्या दिसू लागल्या. त्या न फुटलेल्या पोकळीतून काढलेली बीजुकं पाहिली आणि पहिल्या वनस्पतीचा प्रश्न मिटला : रिक्सिया डिस्कलर. यात नवं काही नाही. म्हैसमाळच्या त्या कोपऱ्यातली तिची एक नीट नोंद तेवढी झाली, आणि नीट नोंदीला मी कमी लेखत नाही.

धाकटी उगवली ती ऑक्टोबरात, खळग्यातलं पाणी आटून चिखलाला पहिल्या भेगा पडायला लागल्यावर. तीही बरोबर जिथे शेवटचं पाणी साचलेलं असतं त्या वर्तुळात. नर आणि मादी अवयव एकाच कायकावर. पंधरा दिवसांत ती वाढली, पिकली आणि विरली. एवढं थोडकं आयुष्य म्हटल्यावर ऑगस्टात येणाऱ्याला ती दिसणार कशी? तिच्या स्वतःच्या पोटातून काढलेली बीजुकं आम्ही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली, सोन्याचा पातळ मुलामा देऊन. तुटक्या, वळणाऱ्या कडांची तीच नक्षी. या वेळी कोणाचं काय याबद्दल शंका नव्हती.

ती नवी आहे का? आज मी याचं उत्तर देणार नाही, आणि विद्यार्थिनीलाही देऊ दिलेलं नाही. कॅव्हर्नोसा-क्रिस्टलिनाच्या आसपासच्या जातींशी तिचं साम्य आहे आणि काही फरकही आहेत. पण आमच्याकडे ती एकाच खळग्यातून आलेली आहे. एका खळग्यातला फरक हा त्या खळग्याचा असू शकतो. चिखल लवकर वाळला म्हणून कडा अर्धवट राहिल्या असतील, ही शक्यता खोडून काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यासाठी कुंडीत वाढवलेल्या, पाणी कधीच न तोडलेल्या झाडांची बीजुकं हवीत. ती या उन्हाळ्यात पिकतील. निदान आणखी दोन ठिकाणचे नमुने हवेत. गौताळ्याच्या डोंगरात आणि बालाघाटात कपिलधारच्या वरच्या सड्यावर शोधायचं ठरलंय. जवळच्या जातींचे प्ररूप नमुने प्रत्यक्ष किंवा उत्तम छायाचित्रांतून पाहायला हवेत, नुसती छापील वर्णनं पुरत नाहीत. डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये वाळवलेले कायक ठेवले आहेत, प्रत्येक डबीत एकच चकती. मिसळलेल्या लपक्यातून काढलेला डीएनए आमच्या पहिल्या स्लाइडइतकीच दिशाभूल करील.

आमच्या प्रयोगशाळेत आता काही गोष्टी बदलल्या आहेत. जमिनीवरून लपका उचलला की तो तिथेच, पठारावर बसून भिंगाखाली उलगडायचा आणि वेगळा दिसणारा प्रत्येक कायक वेगळ्या पाकिटात घालायचा. पाऊस असला तरी. बीजुकांच्या स्लाइडवर 'न फुटलेल्या कोशिकेतून' असं लिहिलेलं नसेल तर ती स्लाइड ओळखीसाठी धरायची नाही, मग ती कितीही देखणी असो. मापं घ्यायची तर समोर येईल तशी पन्नास, निवडून नाही. आणि एका जागेला एका पावसाळ्यात एकदा जाणं म्हणजे न गेल्यासारखंच. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. महाविद्यालयाचं वेळापत्रक ऑक्टोबरात परीक्षांनी भरलेलं असतं, आणि धाकटी नेमकी तेव्हाच उगवते. प्रकल्पाचा अहवाल सहा महिन्यांत मागणाऱ्या रचनेत वर्षभराचं चक्र बसत नाही, याची मला मनापासून खंत आहे. त्यामुळे त्या मुलीचा प्रकल्प 'रिक्सिया डिस्कलरची ऋतुमानानुसार पाहणी' या नावाने जमा झाला. काम तिने त्याच्या दुप्पट केलं होतं.

आता तिने पीएच.डी.साठी नाव नोंदवलंय. वहीतल्या पहिल्या पानावरचं लॅटिन नाव तिने खोडलेलं नाही, त्याच्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. खिडकीतल्या कुंडीवर सध्या चिठ्ठी आहे : 'रिक्सिया, जाती अनिश्चित, खळगा क्र. 3, पाणी तोडू नये.' मामा रोज सकाळी फवारा मारतात आणि काच पुन्हा नीट सरकवून ठेवतात.